शब्दाला जागलेला खाणकामगार

पुतळे राजांचे होतात, सेनापतींचे होतात, फार तर एखाद्या कवीचा होतो. मालकांशी पगाराची घासाघीस करणाऱ्या माणसाचा पुतळा सहसा कोणी उभारत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्क्रँटन नावाचे शहर आहे. कोळशाच्या खाणींवर वाढलेल्या या शहराच्या न्यायालयाच्या चौकात १९२४ साली असा एक पुतळा उभा राहिला. जॉन मिचेल हे त्या माणसाचे नाव. तो ना शूर लढवय्या होता, ना मोठा वक्ता. एकेकाळी त्याची तसबीर खाणकामगारांच्या घरात साधुसंतांच्या तसबिरींशेजारी लागत असे आणि त्याच्याच संघटनेतले काही जण त्याला मालकांचा माणूस म्हणून हिणवत असत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला का याव्यात, हे समजून घ्यायचे तर त्याच्या आयुष्याची गोष्ट मुळापासून पाहिली पाहिजे.

पोरका पोर

जॉनचा जन्म ४ फेब्रुवारी १८७० चा, इलिनॉय राज्यातील ब्रेडवुड या खाणींच्या गावातला. आई तो अगदी लहान असतानाच गेली. वडील खाणीत काम करत. तो सहा वर्षांचा असताना तेही गेले. सावत्र आईच्या हाताखाली, धुणी-भांडी आणि पाणी भरणे करत त्याचे बालपण सरले. शाळेची गाठ जेमतेम पडली आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास तो खाणीत उतरला. त्या गावात पोराने खाणीत उतरणे ही काही बातमी नव्हती. शेतकऱ्याचा पोर जसा नांगरामागे जातो, तसा कोळशाच्या गावातला पोर खाणीत जायचा.

पंधराव्या वर्षी तो त्या काळच्या एका कामगार संघटनेत दाखल झाला. पुढे कामाच्या शोधात पश्चिमेकडे कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोपर्यंत भटकला आणि परत इलिनॉयला आला. १८९१ मध्ये कॅथरिन ओ'रूर्क या मुलीशी त्याचे लग्न झाले. अंगाने सडपातळ, रंगाने सावळसर, डोळे काळेभोर आणि आवाज मऊ. शाळा सुटली तरी वाचनाची गोडी सुटली नव्हती. रात्री दिव्याखाली बसून तो हाताला लागेल ते वाचायचा. हे वाचन पुढे कामी येणार होते.

त्या काळी कोळसा खाणकामगाराला रोजावर नव्हे, तर खणलेल्या कोळशाच्या वजनावर पैसे मिळत. सुरुंगाची दारू त्याने स्वतःच्या पैशाने घ्यायची, हाताखालच्या गड्याला स्वतःच्या कमाईतून द्यायचे आणि जो कोळसा वर जाईल त्याचे वजन मालकाच्या माणसाने करायचे. मापात पाप शिरायला एवढी वाट पुरे होती. खरा टन २,२४० पौंडांचा. पण पूर्व पेनसिल्व्हेनियात काही खाणींत कामगाराचा टन अडीच हजार पौंडांच्या पुढे, कुठे तर तीन हजार पौंडांच्याही पुढे मोजला जाई. कोळशात दगड निघाला म्हणून जी कपात व्हायची ती वेगळीच. म्हणून या धंद्यातील पगाराचे भांडण नेहमी दोन पायांवर उभे असे. टनामागे दर किती, हा एक पाय. आणि टन म्हणजे किती, हा दुसरा.

टेबलाच्या दोन बाजू

अमेरिकन खाणकामगारांची एकत्र संघटना, युनायटेड माइन वर्कर्स, १८९० मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे स्थापन झाली. पहिली काही वर्षे तिची अवस्था तोळामासाच होती. १८९३ नंतरच्या मंदीत कोळशाचे भाव कोसळले आणि त्याबरोबर मजुरीही. १८९७ च्या उन्हाळ्यात संघटनेने संप पुकारला, तेव्हा तिचे सभासद जेमतेम दहा हजार होते आणि तिजोरी रिकामी होती. तरीही लाखाहून अधिक माणसे कामावरून उठली. सत्तावीस वर्षांचा मिचेल त्या वेळी दक्षिण इलिनॉयमध्ये गावोगाव पायी हिंडून सभा घेत होता.

त्या संपाचे फळ म्हणजे जानेवारी १८९८ मध्ये शिकागो येथे भरलेली संयुक्त परिषद. इलिनॉय, इंडियाना, ओहायो आणि पश्चिम पेनसिल्व्हेनिया या चार प्रदेशांतील खाणमालक टेबलाच्या एका बाजूला बसले, कामगारांचे प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला. मजुरी वाढली आणि आठ तासांचा दिवस मान्य झाला. दरवर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा असेच बसायचे असेही ठरले.

मालकांना एकाएकी दयेचा पाझर फुटला होता, असे समजायचे कारण नाही. त्यांचे दुखणे वेगळे होते. कोळसा हा असा माल, की एका खाणीचा आणि दुसऱ्या खाणीचा यांत गिऱ्हाइकाला फारसा फरक दिसत नाही. ज्याचा भाव कमी, त्याचा माल उठतो. भाव कमी करायचा तर खर्च कमी केला पाहिजे आणि खर्चात सर्वांत मोठा वाटा मजुरीचा. एकाने मजुरी कापली की शेजाऱ्याला कापावी लागे, मग पहिल्याला पुन्हा. या शर्यतीत कामगार उपाशी राहत आणि मालकांचीही दिवाळी निघे. सगळ्या प्रदेशात एकाच वेळी, एकाच हिशोबाने मजुरी ठरली तर ही शर्यत थांबते. अर्थात दर सरसकट एक ठेवून भागत नव्हते. कुठे कोळशाचा थर जाड, कुठे पातळ. कुणाची खाण बाजारपेठेजवळ, कुणाची दूर. हे सगळे जमेस धरून असे दर बसवायचे, की कोणालाही बाजारात उभे राहता यावे. म्हणजे त्या टेबलावर केवळ पगार ठरत नव्हता, एका अख्ख्या धंद्याची घडी बसवली जात होती.

ज्यांच्या घरात कोणी बँकेत नोकरीला होते, त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही. आपल्याकडे बँक कर्मचाऱ्यांचे पगार आधी लवादाच्या निवाड्यांनी ठरत. १९५३ चा शास्त्री निवाडा, १९६२ चा देसाई निवाडा ही नावे जुन्या मंडळींच्या तोंडी असत. १९६६ पासून द्विपक्षीय करार सुरू झाले. आमच्या पिढीने बँकेत असताना घराचे कर्ज, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण यांचे हिशोब याच करारांच्या तारखा पाहून मांडले. दोन बाजूंनी समोरासमोर बसून सगळ्या धंद्यासाठी एकच करार करावा, ही कल्पना चालवून दाखवणाऱ्यांच्या पहिल्या फळीत ही शिकागोची परिषद होती.

संघटनेचा अध्यक्ष त्याच वर्षी पायउतार झाला. उपाध्यक्ष असलेला मिचेल आधी हंगामी आणि जानेवारी १८९९ मध्ये रीतसर अध्यक्ष झाला. तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती.

कठीण कोळसा, कठीण माणसे

मऊ कोळशाच्या प्रदेशात बस्तान बसले, पण पूर्व पेनसिल्व्हेनियाचा कठीण कोळसा, म्हणजे अँथ्रासाइट, अजून संघटनेच्या हाताबाहेर होता. जेमतेम पाचशे चौरस मैलांचा तो टापू. तिथला कोळसा धूर कमी करतो आणि मंद, दीर्घ जळतो. त्यामुळे न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बोस्टन या शहरांतल्या शेगड्या हिवाळाभर त्यावरच पेटत. या खाणींचा मोठा भाग काही मोजक्या रेल्वे कंपन्यांच्या ताब्यात होता. खाण त्यांची, गाडी त्यांची, बहुतेक ठिकाणी घरे आणि दुकानही त्यांचेच.

कामगार युरोपच्या कानाकोपऱ्यांतून आलेले. आयरिश, वेल्श, इंग्रज आधीचे. पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन, हंगेरियन, इटालियन मागून आलेले. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही आणि एकाचे देऊळ दुसऱ्याला चालत नाही, अशी स्थिती. सप्टेंबर १८९७ मध्ये हेझलटनजवळ लॅटिमर येथे निःशस्त्र मोर्चावर शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या आणि एकोणीस जण मेले. मेलेले बहुतेक पूर्व युरोपातले होते. कोळसा निवडण्याच्या कारखान्यात आठ-दहा वर्षांची पोरे घसरणीवर वाकून बसत आणि वाहत्या कोळशातून हाताने दगड वेचत. बोटे सोललेली, छातीत धूळ. बापाच्या कमाईत घर चालत नाही, म्हणून पोराचे वय वाढवून सांगायचे आणि त्याला कामाला लावायचे, ही तिथली रीत होती.

मिचेल या टापूत फिरला तो पाद्र्यासारखा गळ्यापर्यंत बटणे लावलेला लांब काळा कोट घालून. त्याने धर्मगुरूंना विश्वासात घेतले आणि दुभाषे बरोबर ठेवले. बोलायचा एकच मुद्दा : खणलेल्या कोळशाला जात नसते, देश नसतो. मग खणणाऱ्यांनी तरी तो का पाळावा? सप्टेंबर १९०० मध्ये त्याने संपाची हाक दिली, तेव्हा इथले सभासद दहा हजारांहून कमी होते, पण पहिल्याच आठवड्यात लाखभर माणसे खाणीबाहेर आली. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती. सत्ताधारी पक्षाचा सूत्रधार मार्क हॅना याने मालकांच्या कानी गोष्ट घातली. दहा टक्के वाढ मिळाली आणि २९ ऑक्टोबरला माणसे कामावर गेली. तो दिवस त्या भागात पुढे मिचेल दिन म्हणून पाळला जाऊ लागला. मात्र संघटनेशी करार करायला मालक तयार झाले नाहीत. वाढीचे कागद त्यांनी खाणीच्या दारावर चिकटवले, एवढेच.

एकशे त्रेसष्ट दिवस

खरी कसोटी लागली ती १९०२ मध्ये. कामगारांची मागणी होती वीस टक्के वाढ, आठ तासांचा दिवस, प्रामाणिक वजन आणि संघटनेला मान्यता. मालक भेटायलाही तयार नव्हते. मिचेलने संपाआधीच लवादाचा प्रस्ताव ठेवला. दोन मोठे धर्मगुरू आणि त्यांनी निवडलेला तिसरा माणूस, असे तिघे जो निर्णय देतील तो मान्य, अशी त्याची तयारी होती. तोही नाकारला गेला. १२ मे रोजी संप सुरू झाला आणि सुमारे एक लाख सत्तेचाळीस हजार माणसे घरी बसली.

जुलैत इंडियानापोलिस येथे संघटनेचे खास अधिवेशन भरले. प्रश्न एकच होता. मऊ कोळशाच्या कामगारांनी सहानुभूतीचा संप करायचा का? तसा संप झाला असता तर सगळ्या देशाचा कोळसा बंद पडला असता. रेल्वे थांबली असती, कारखाने थांबले असते आणि मालक आठवड्याभरात गुडघ्यावर आले असते, असे अनेकांना वाटत होते. सभागृहाचा कलही तिकडेच होता. पण मऊ कोळशाच्या मालकांशी करार झालेला होता आणि त्याची मुदत अजून संपलेली नव्हती.

मिचेल उभा राहिला आणि त्याने विरोधी बाजू मांडली. करार मोडला तर या संपात कदाचित जय मिळेल, पण पुन्हा कोणताही मालक आपल्याशी कराराला बसणार नाही. चार वर्षे खपून जी पत मिळवली, ती एका दिवसात जाईल. पत जाणे म्हणजे काय, हे बँकेच्या माणसाला सांगावे लागत नाही. तारण नसले तरी चालते, पण पत गेली की कर्जदाराला दार बंद होते. कामगारांजवळ तर तारण असे काही नसतेच. त्यांच्याजवळ असतो तो फक्त शब्द. मिचेलचे म्हणणे सभेने मानले. सहानुभूतीचा संप टळला, त्याऐवजी कामावर असलेल्या कामगारांनी आपल्या मजुरीतून दर आठवड्याला वर्गणी द्यायची असे ठरले. त्या पैशावर पेनसिल्व्हेनियातल्या चुली पेटत्या राहिल्या.

त्याच महिन्यात रीडिंग रेल्वेचा अध्यक्ष जॉर्ज बेअर याने एका नागरिकाला पत्र लिहिले. परमेश्वराने आपल्या अगाध बुद्धीने ज्यांच्या हाती देशातील मालमत्ता सोपवली, ते सज्जनच कामगारांचे हित पाहतील, अशा अर्थाचा त्यात मजकूर होता. पत्र वर्तमानपत्रांत छापून आले. मिचेलच्या शंभर भाषणांनी झाले नसते ते काम त्या एका पत्राने केले. लोकमत फिरले.

उन्हाळा सरला, थंडी तोंडावर आली. न्यूयॉर्कमध्ये पाच-सहा डॉलरला मिळणारा कोळशाचा टन कितीतरी पटींनी महागला आणि गरिबांना तर पसाभर कोळसाही मिळेना. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला कायद्याने या भांडणात पडण्याचा अधिकार नव्हता. यापूर्वी अमेरिकन सरकार संपात उतरले होते ते सैन्य पाठवून, मालकांच्या बाजूने. रूझवेल्टने दोन्ही बाजूंना बोलावणे धाडले.

३ ऑक्टोबर १९०२. गाडीच्या अपघातात पाय जायबंदी झाल्याने राष्ट्राध्यक्ष चाकाच्या खुर्चीत बसलेला. एका बाजूला रेल्वे कंपन्यांचे अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला मिचेल आणि त्याचे तीन सहकारी. मिचेलने तिथल्या तिथे सांगून टाकले, की राष्ट्राध्यक्षांनी पंच नेमावेत आणि निर्णय आमच्याविरुद्ध गेला तरी आम्ही तो पाळू. मालकांनी ते धुडकावले. त्यांनी मिचेलला गुंडांचा म्होरक्या ठरवले आणि राष्ट्राध्यक्षालाच त्याचे कर्तव्य सुनावले. मिचेल शांत बसून राहिला. मुद्द्यापलीकडे शब्द गेला नाही. त्या खोलीत सभ्यपणा सोडला नाही तो एका खाणकामगाराने, असा रूझवेल्टच्या मनावर ठसा उमटला.

मालकांचे म्हणणे होते, की संरक्षण मिळाले तर कामगार आजच कामावर येतील. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने राज्याचे सगळे सैनिकी दल खाणींवर उतरवले. कामगार आले नाहीत. दहशत आहे ती संघटनेची नसून उपासमारीची आहे आणि तीही ही माणसे सोसायला तयार आहेत, हे उघड झाले. इकडे रूझवेल्टने लष्कराकरवी खाणी ताब्यात घेऊन चालवण्याची तयारी सुरू केली. युद्धमंत्री एलिहू रूट सावकारांचा सावकार जे. पी. मॉर्गन याला त्याच्या बोटीवर जाऊन भेटला. मॉर्गनचा पैसा या रेल्वे कंपन्यांत होता. आता मालकांना मान तुकवावी लागली.

तरी एक गंमत राहिलीच. पंच कोण असावेत, याच्या अटी मालकांनी घातल्या : एक लष्करी इंजिनियर, एक खाणतज्ज्ञ, एक न्यायाधीश, एक कोळशाचा व्यवहार जाणणारा आणि एक समाजशास्त्रज्ञ. कामगार पुढाऱ्याचे नाव कुठेच नको. रूझवेल्टने समाजशास्त्रज्ञाच्या जागी रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचा प्रमुख ई. ई. क्लार्क याला बसवले! नावात समाजशास्त्रज्ञ असला की मालकांची हरकत नव्हती. कामगारांच्या आग्रहावरून एक कॅथॉलिक बिशपही घेतला गेला. एकशे त्रेसष्ट दिवसांनी, २३ ऑक्टोबर रोजी संप मागे घेतला गेला.

पंचांपुढे

स्क्रँटन आणि फिलाडेल्फिया येथे तीन महिने सुनावणी चालली. ५५८ साक्षी झाल्या, दहा हजारांवर पाने भरली. कामगारांचा मुख्य वकील क्लॅरेन्स डॅरो होता. पहिला साक्षीदार होता मिचेल. चार-पाच दिवस मालकांच्या वकिलांनी त्याची उलटतपासणी घेतली, पण त्याने आवाज चढवला नाही. त्याच्यामागून खाणीत डोळे गेलेले, पाय गेलेले कामगार आले, विधवा आल्या, रात्रपाळीला रेशीम गिरणीत जाणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुली आल्या. बारा वर्षांच्या एका पोराचा बाप खाणीत मेला होता. बापाच्या नावावर घरभाडे आणि कोळसा यांची उधारी होती. पोर कामाला जात होता, पण त्याची मजुरी त्याच्या हाती येतच नव्हती, ती कंपनी त्या उधारीत वळती करून घेत होती. खतावणीच्या दृष्टीने त्या नोंदीत काही चूक नसेल. पण ऐकणाऱ्या पंचांना मान वर करवली नाही म्हणतात.

मार्च १९०३ मध्ये निवाडा आला. मागणी वीस टक्क्यांची होती, मिळाले दहा. मागणी आठ तासांची होती, बहुतेकांना मिळाले नऊ. कोळशाचा भाव ठरावीक पातळीच्या वर गेला तर मजुरीही त्या प्रमाणात वाढावी, अशी तरतूद झाली. बहुसंख्य कामगारांनी मागणी केली तर त्यांना स्वतःच्या पैशाने स्वतःचा मापाडी काट्यावर उभा करता येईल, हे मान्य झाले. संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही. पण सहा जणांचे एक सलोखा मंडळ नेमले गेले, तीन मालकांचे, तीन कामगारांचे. त्यांचे जमले नाही तर न्यायालयाने नेमलेला पंच निर्णय देणार होता. कामगारांचे तिघे निवडून आले ते अर्थातच संघटनेचे जिल्हा पुढारी. म्हणजे पुढच्या दाराने ज्यांना प्रवेश नव्हता, ते बाजूच्या दाराने आत येऊन बसले. हे मंडळ पुढे कित्येक दशके काम करत राहिले. आठ तासांचा दिवस त्या खाणींत यायला मात्र १९१६ साल उजाडावे लागले.

अर्धी भाकरी घ्यावी की पुरी मिळेपर्यंत उपाशी राहावे, हा प्रश्न कामगार चळवळीइतकाच जुना आहे. मिचेलने अर्धी घेतली. ती घेताना उरलेल्या अर्ध्या भाकरीसाठी पुन्हा बसायला टेबल शाबूत राहील, एवढे मात्र त्याने पाहिले.

उतरती बाजू

१९०३ मध्ये मिचेल कीर्तीच्या शिखरावर होता. पण टेबलाची सवय माणसाला बदलते. बड्या उद्योगपतींबरोबर कामगार पुढाऱ्यांना बसवणाऱ्या नॅशनल सिव्हिक फेडरेशन या संस्थेत त्याची ऊठबस वाढली. मेजवान्या, उंची कपडे, बडे मित्र. १९०३-०४ मध्ये कोलोरॅडोत संप झाला, तेव्हा राज्याच्या उत्तर भागापुरता वेगळा समझोता त्याने पुढे रेटला. दक्षिण भागातले कामगार एकटे पडले आणि चिरडले गेले. मदर जोन्स या नावाने ओळखली जाणारी वयोवृद्ध, झुंजार बाई यावरून त्याच्याशी जी बिनसली ती कायमची. १९०४ मध्ये मऊ कोळशाच्या प्रदेशात मंदीचे कारण देऊन मालकांनी कपात मागितली. मिचेलने सभासदांची समजूत घालून सुमारे साडेपाच टक्क्यांची कपात स्वीकारायला लावली. हिशोबाने त्याचे बरोबरही असेल. दोन वर्षांनी ती भरूनही निघाली. पण कपात स्वीकारा म्हणणारा पुढारी कोणाला आवडतो?

शरीरही साथ देईना. झोप उडाली, दारू वाढली. १९०८ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडले, तेव्हा दहा वर्षांपूर्वीची ती मोडकीतोडकी संघटना अडीच लाखांच्या वर गेली होती. सोडल्यावर तो फेडरेशनमध्ये पगारी पदावर गेला. १९११ मध्ये खाणकामगारांच्या अधिवेशनाने ठराव केला, की फेडरेशनचे सभासद असणाऱ्याला आपल्या संघटनेत जागा नाही. नोकरी की संघटना, अशी निवड करायची पाळी आली. पगार मोठा होता. मिचेलने नोकरी सोडली आणि संघटनेचे सभासदपत्र ठेवले. ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी फारशी लक्षात ठेवली नाही.

१९१५ पासून तो न्यूयॉर्क राज्याच्या औद्योगिक आयोगाचा अध्यक्ष होता. ९ सप्टेंबर १९१९ रोजी न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. वय एकोणपन्नास. इच्छेप्रमाणे त्याला स्क्रँटनला, कठीण कोळशाच्या भूमीत पुरले. मागून इस्टेटीचा हिशोब बाहेर आला आणि लोक चमकले. दोन लाख डॉलरहून अधिक मालमत्ता, त्यात कोळसा आणि रेल्वे कंपन्यांचे शेअरसुद्धा. लाच खाल्ल्याचा पुरावा कोणी दिला नाही. पण बड्या ओळखींच्या सल्ल्याने केलेली गुंतवणूक म्हटली, तरी खाणकामगारांच्या पुढाऱ्याजवळ खाणींचे शेअर असावेत, हे मनाला खटकतेच. त्याच्या आयुष्याच्या ताळेबंदात ही नोंद लपवता येत नाही आणि लपवूही नये.

मग त्याचे देणे काय उरले? शिकागोत सुरू झालेली संयुक्त परिषदेची पद्धत १९२७ पर्यंत टिकली. वेस्ट व्हर्जिनियाच्या बिनसंघटनेच्या स्वस्त कोळशाने ती अखेर पोखरून काढली. सरकारने मालकाची काठी न होता मध्ये बसावे, ही १९०२ ची रीत मात्र रुजली. आपल्याकडे झरिया-राणीगंजच्या खाणकामगारांची मजुरी अशाच वाटेने गेली. १९५६ चा न्यायाधिकरणाचा निवाडा, १९६२ मध्ये नेमलेले वेतन मंडळ, १९७१ ते १९७३ च्या दरम्यानचे राष्ट्रीयीकरण आणि त्यानंतर दोन्ही बाजूंच्या संयुक्त समितीत ठरणारे राष्ट्रीय कोळसा वेतन करार. पहिला करार १ जानेवारी १९७५ पासून लागू झाला, अकराव्यावर २०२३ मध्ये सह्या झाल्या. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणींत उतरणाऱ्या आपल्या माणसांचा पगारही याच टेबलावर ठरतो. कंत्राटी मजूर मात्र आजही बरेचदा त्या टेबलाच्या कडेलाच उभा असतो, हेही विसरून चालणार नाही.

मिचेलच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण हिशोब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्या निवाड्यातले एक छोटे कलम सर्वांत मोलाचे वाटते. दहा टक्के वाढ महागाईने दोन-चार वर्षांत खाल्ली असेल. पण खाणीच्या तोंडाशी, काट्याजवळ, मालकाच्या मापाड्याशेजारी आता कामगारांचाही एक माणूस वही घेऊन उभा राहू लागला. गाडी वर आली की दोघे मिळून वजन वाचत. शेकडो हात खाली, अंधारात कोळसा फोडणाऱ्या माणसाला ते दिसत नसे. पण वर आपल्या घामाचे माप कोणीतरी आपल्या बाजूने पाहत आहे, हे त्याला ठाऊक असे.